ओटीतलं भात

“पाकिटातलं बी पेर, आन् फुडल्या साली परत ह्येच्याच दारात ये.” आक्का माझ्या गिऱ्हाइकाला हे सांगायची, तेही माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून. आजऱ्यात माझं बी-बियाण्याचं दुकान आणि आक्का शेजारची. मी चिडलो की म्हणायची, “खोटं बोलतोय व्हय मी? सांग की.” ती खोटं बोलत नसे, हीच अडचण. असा शेजार तुमच्याही नशिबी आला असेल.

तिच्याकडे काळ्या कुसळाचं, वासाचं जुनं भात होतं. ते ती विकत नसे, वाटत असे. बी आपल्या घरातच राहिलं पाहिजे म्हणून गावोगावच्या बायका गोळा करायची, मेळावे भरवायची. आणि लग्नात नवरीच्या ओटीत तांदळाऐवजी तेच भात घालायची, तुसासकट.

माझ्या मुलीच्या लग्नातही घातलं. शाहूवाडीच्या विहीणबाईंनी नाक मुरडलं. “तुमच्यात तांदूळ मिळत न्हाईत व्हय?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का म्हणाली, “तांदूळ पेरून उगवतोय व्हय?”

पुढे तिचा नवरा वारला. मग एका साली ऐन कापणीत पाऊस लागून राहिला आणि उभ्या लोंब्यांना मोड फुटले. तिचं बी गेलं, तिच्याकडून नेलेल्या बायकांचंही गेलं. आक्का दुकानात येऊन बसली, पण गिऱ्हाइकांना एक शब्द बोलली नाही. ते मला बघवेना. शेवटी तीच म्हणाली, “तुझ्या लेकीकडं बघून येऊ या?”

मी गाडी काढली. विहीणबाईंनी कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. “ओटीतलं टाकता येईना, शिजवता येईना. बांधाकडंला पेरलं. वास असा सुटला, तवापासनं दर साली पेरतोय की.” परतीच्या वाटेवर आक्का बी मांडीवर घेऊन रडत होती. खरं सांगायचं तर मीही.

ते बी पुन्हा घरोघरी गेलं. यंदा उन्हाळ्यात आक्का गेली. विधवेची ओटी भरायची रीत नाही, म्हणून बायका नुसत्याच उभ्या होत्या. विहीणबाई शाहूवाडीहून आल्या आणि कुणाला न विचारता तिच्या ओटीत ओंजळभर भात घातलं.

उचलायच्या वेळी माझी मुलगी पुढे झाली. गेलेल्या माणसाच्या ओटीतलं कुणी परत घेत नाही. तिनं ते सगळं भात काढून स्वतःच्या पदरात घेतलं.

“बी जाळल्यालं आक्काला चाललं असतं व्हय?”

विहीणबाईंनी सुनेच्या पदराला गाठ मारून दिली.