पट्टीवरची मोकळी जागा

यंदाची पंचवीस जानेवारी. माझ्या शिवणकामाच्या दुकानात ब्लेझरचा ढीग पडला होता आणि दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी माजी सैनिकांच्या पदकांच्या पट्ट्या शिवायच्या होत्या. पट्टीवर पदकं एका ओळीत शिवायची आणि ती ब्लेझरच्या डाव्या छातीवर टाचायची, एवढंच काम. पण हे काम निघालं की समोरच्या इमारतीतले हवालदार आलेच. आलेला मान परत करण्याची इतकी हौस असलेला दुसरा माणूस अख्ख्या मोशीत सापडणार नाही.

आपल्याकडे फौजेतून आलेला कुणीही माणूस 'मेजर' असतो. रिक्षावाले, भाजीवाल्या, सगळे त्यांना मेजर म्हणतात आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगतात की मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा, मी हवालदार. चहावाल्यानं एकदा वैतागून विचारलं, की हवालदार म्हटलं तर लोक तुम्हाला पोलीस समजतील, ते चालेल का? त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "चालेल. तो त्यांचा गैरसमज. मेजर म्हणवून घेतलं तर तो माझा खोटेपणा." करोना ओसरल्यावर एका मंडळानं गल्लीतल्या यच्चयावत माणसांना 'कोविड योद्धा' म्हणून सन्मानपत्रं वाटली. मी मास्क शिवले होते, तेही पैसे घेऊन; तरी माझं मी फ्रेम करून दुकानात लावलं आहे, त्यामागे भिंतीची ओल झाकली जाते. हवालदार मात्र आपलं परत करून आले. करोनाच्या काळात ते महिनाभर तापानं अंथरुणात होते. "मी योद्धा कसला," ते मला म्हणाले, "मी रणांगण होतो."

चाकण, कुरुळीकडच्या कंपन्यांत सिक्युरिटीला असलेले माजी सैनिक पदकं घेऊन माझ्याकडे येतात आणि बाकावर बसून कोण कशाला पात्र यावर वाद घालतात. निकाल हवालदार देतात. एकानं दुकानातून एक चकचकीत पदक विकतच आणलं होतं. खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचं नाव कोरलेलं असतं, ते शोधायला हवालदारांनी माझा चष्मा मागून घेतला. नाव नव्हतंच. त्यांनी ते पदक हळूच त्याच्या हातात दिलं. "राव, हे घरी शोकेसमध्ये शोभेल. छातीवर नको." दुसरा एक जण बर्फाळ चौकीवर पाय मोडून, पदकासाठी लागणारी मुदत भरण्याआधीच खाली आला होता, म्हणून पदक खिशातच ठेवून बसला होता. त्याला हवालदारांनी विचारलं, "तू उतरलास की तुला उतरवलं? उतरवलं ना? मग मुदत पुरी धरतात. पात्र आहेस, लाव." तो बिचारा रडायचाच बाकी राहिला.

स्वतःच्या बाबतीत मात्र वेगळा कायदा. दर वर्षी ते तंबाखूच्या डबीतून आपली पदकं आणतात आणि त्यातलं एक, बर्फाळ चौकीवरच्या तैनातीचं, बाजूला काढतात. ते शिवायचं नाही. पण त्याची जागा मोकळी ठेवायची. का, तर परेडमध्ये एखादा जवान कमी असला तर त्याची जागा मोकळी ठेवतात, रांग सरकवून घेत नाहीत. मी सांगून थकले की मध्ये जागा सोडली की पट्टी वाकते आणि लोक माझ्या शिलाईला नावं ठेवतात.

यंदाही हवालदार पट्टी आणि डबी माझ्याकडे ठेवून गेले, आणि संध्याकाळी त्यांचे राजगुरुनगरचे दोस्त एकटेच आले. दोघं त्या चौकीवर बरोबर होते. त्यांनी आपली पट्टी माझ्यापुढं टाकली. "ताई, माझं बी त्येच पदक काढा. जागा ऱ्हाऊ द्या मोकळी."

मी विचारलं, हे काय नवीन? तेव्हा समजलं. वर असताना दोस्तांच्या बुटाचा पट्टा बर्फानं आवळला होता, काही केल्या सुटेना आणि पाय गोठत चालला होता. हवालदारांनी हातमोजा काढून तो सोडवला. दोस्तांनी स्वतःच्या पायांवर मुदत पुरी केली. हवालदारांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गोठून गेली आणि त्यांना खाली आणलं. पण हातमोजा काढायचा नाही असा हुकूम होता, आणि हुकूम मोडणाऱ्याला पदक नसतं, हा त्यांचा निकाल.

"माझा पाय जागच्या जागी हाये तो त्याच्या बोटांमुळं," दोस्त म्हणाले. "तो पात्र न्हाई, तर मी कसा? आता म्हातारपणी तरी एकसारखं दिसू."

 मी पट्ट्या दोन्ही ठेवून घेतल्या.

सव्वीसला सकाळी दोघं एकदमच आले. हवालदारांनी पट्टी हातात घेतली. त्यावर मोकळी जागा नव्हती; दोस्तांच्या पट्टीवरही नव्हती.

"हे तुम्ही केलंत?"

"पट्टी वाकत होती," मी म्हटलं. "कच्चा टाका आहे. दोरा ओढलात की निघेल."

त्यांनी दोरा चिमटीत धरायचा प्रयत्न केला. टोकं नसलेल्या बोटांत तो येईना. त्यांनी कात्री मागितली. मी सांगितलं, धारेला दिली आहे. कात्री माझ्या मांडीवरच्या ब्लेझरखाली होती.

"दुसऱ्या कुणाचं असतं तर काय निकाल दिला असतास?" दोस्तांनी विचारलं.

हवालदार बराच वेळ पदकाच्या कडेवरचं आपलं नाव वाचत राहिले, चष्मा न मागता. मग म्हणाले, "आजच्यापुरतं. कच्चं आहे म्हणून." दोस्तांनी त्यांच्या छातीवर पट्टी टाचली, त्यांनी दोस्तांच्या, आणि दोघं झेंडावंदनासाठी कुरुळीच्या बसकडे गेले. स्टॉपवर कुणीतरी "काय मेजर" म्हणालं. "हवालदार," त्यांचा आवाज दुकानापर्यंत आला.

संध्याकाळी मी दुकान बंद करत असताना हवालदार आपली पट्टी काउंटरवर ठेवून गेले. जाताना दारात थांबले. "ताई, त्या टाक्याचं बघा काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडल्याबरोबर मी सुईत दुहेरी दोरा ओवला आणि टाका पक्का केला.