माझ्या नावावरच्या आठ गाड्या

आमच्या वाहतूक ठेकेदाराने मला फसवले. त्याने आपल्या मेहुण्याचे आठ टिप्पर माझ्या नावावर चढवले आणि त्यासाठी माझाच फोन वापरला. हे आधीच सांगून टाकतो, कारण चिखल्याच्या खाणीवर आता ही गोष्ट 'कॉम्प्युटरची चूक' म्हणून सांगतात आणि ते ऐकले की माझे डोके फिरते.

माझा बाप खाणीत उतरायचा. मी गाडीवर क्लीनर म्हणून चढलो, पुढे ड्रायव्हर झालो, मग जुना टिप्पर घेतला. विकणाऱ्याकडे रोज जाऊन बसायचो, रोज नको म्हणून उठायचो. शेवटी कंटाळून त्यानेच माझा भाव मान्य केला. दुसरा टिप्परही असाच आला. मँगनीज भरून रेल्वेच्या सायडिंगवर टाकायचे, हे आमचे काम. घर, पोरींचे शिक्षण, बँकेचे हप्ते, सगळे या गाड्यांवर चालते, आणि गाड्या चालतात गेट पासवर. पास बंद, तर सगळेच बंद.

ज्याच्याकडे दहा किंवा कमी गाड्या आहेत, त्याने पॅन देऊन तसे लिहून दिले की ठेकेदार त्याच्या बिलातून कर कापत नाही. आधी आम्ही वर्षाला एका कागदावर सही करायचो. मग ठेकेदाराने सॉफ्टवेअर आणले. पॅन तेच तपासणार, गाड्या तेच मोजणार, कर कापायचा की नाही तेही तेच ठरवणार. नावापुढे लाल खूण आली की गेट पास निघणार नाही. मालकाची सही म्हणजे त्याच्या फोनवर येणारा ओटीपी. या सॉफ्टवेअरचा खर्च प्रत्येक खेपेमागे आमच्याकडून कापायचा ठेकेदाराचा विचार होता. मी दोन बैठका त्याच्याशी भांडलो आणि तो खर्च त्याच्याच गळ्यात घातला. त्या दिवशी सगळ्या गाडीमालकांनी मला चहा पाजला. खरा डाव दुसरीकडेच चालू होता.

खाणीत फोन नेऊ देत नाहीत. गेटच्या बाजूला ठेकेदाराची केबिन आहे. तिथे त्याचा मुन्शी बसतो, आमचे फोन त्याच्यापाशी जमा होतात. आणि आम्ही कोणीही फोनला लॉक लावत नाही. घरून फोन आला तर मुन्शीने उचलावा, काही अडचण असेल तर आत निरोप पाठवावा, अशी पहिल्यापासूनची रीत. कोणाची बायको दवाखान्यात, कोणाचा बाप शेवटच्या घटका मोजतो आहे, या सगळ्या बातम्या आधी मुन्शीला कळायच्या. अड्याळकडचा वयस्कर माणूस. आम्ही त्याला मामा म्हणतो.

तिसरा टिप्पर मी गुपचूप घेतला. बोभाटा झाला असता तर दुसरा कोणी भाव वाढवून बसला असता. गाडी थेट केबिनसमोर उभी केली आणि मुन्शीला आरसी दिली. त्याने नंबर टाकला आणि पडद्याकडे बघतच राहिला.

"भाऊ, हे लाल दाखवून राहिलं."

"काहून?"

"अकरा गाड्या दाखवते तुमच्या नावावर."

"मले तं तीनच मालूम हायेत."

मागे रांगेत उभा असलेला एक ड्रायव्हर म्हणाला, "बाकीच्या आठ माहेरी गेल्या असतील, येतीन सनावाराले." सगळे हसले. मीही हसलो असतो, पण पडद्यावर माझ्या तिन्ही गाड्यांचे पास एकदम बंद झाले होते.

त्या आठ गाड्यांचे नंबर मी ओळखले. रोज माझ्या पुढे-मागे धावणाऱ्या, ठेकेदाराच्या मेहुण्याच्या गाड्या. त्याच्या दहाच्या वर गेल्या होत्या; आठ माझ्याकडे ढकलल्या की तो दहाच्या आत, कर वाचला. माझ्या दोनच आहेत असे धरून त्यांनी बरोबर दहाचा हिशोब जुळवला होता. तिसरी आली आणि तो फुटला.

घरी येऊन फोनमधले जुने मेसेज काढले. ओटीपीचा मेसेज होता: 'वाहने जोडण्यासाठी'. मी तो कधी वाचलाच नव्हता, तरी तो उघडलेला होता. बायको शेजारी बसली होती. तारीख पाहून ती म्हणाली, "त्या दिवशी मी फोन केला होता, लहानीले ताप होता तवा. मामानं उचलला. म्हने, थांबा बाई, आकडा पाहून राहिलो, मंग बोलतो."

मला पुढे काही विचारायचे राहिले नाही.

सकाळी केबिनमध्ये गेलो. मुन्शी उठून उभा राहिला.

"का गा मामा, माह्या पोरीले ताप आणि तू आकडे वाचत होता?"

"शेठनं फोनवर मांगतला भाऊ, मी वाचून देल्लो. कायचा हाय ते मले थोडी मालूम."

"मालूम नव्हतं तं मले सांगतलं काहून नाही?"

तो ट्रेमधले फोन नीट लावायला लागला. मी टेबलावर हात आपटला, फोनचा ट्रे खाली पडला, बाकीचे मालक धावत आले. मी त्यांना एवढेच म्हणालो, "आपापले मेसेज पाहा." तिघांनी तिथेच पाहिले. त्यातल्या एकाच्या फोनमध्येही तसाच मेसेज निघाला.

ठेकेदार दुपारी आला. मला आत बोलावले, पंखा माझ्याकडे वळवला.

"सिस्टीमची गडबड हाय. तुमी एका कागदावर सही करा, की या आठ गाड्या काही दिवस तुमाले चालवाले देल्या होत्या. उद्या पास चालू. खेपाही वाढवून देतो."

"किती वाढवता?" मी विचारले. सवय जात नाही.

तो खूश झाला, आकडा बोलला. मी गप्प बसलो, त्याने वाढवला. आणखी गप्प बसलो, आणखी वाढवला. मग मी उठलो. "शेठ, गडबड सिस्टीमची हाय तं सही माही कायले पाह्यजे?"

"गाड्या उभ्या राहतीन तुमच्या."

"राहू द्या."

गाड्या उभ्याच आहेत, केबिनसमोर, तिन्ही एका ओळीत. बँकेचा माणूस येऊन गेला. मित्र म्हणतात, सही करून टाक, कमावून घे. आयुष्यभर मी भाव केला, पण जी गाडी माझी नाही ती माझ्याकडे होती, असे लिहून देण्याचा भाव मी सांगणार नाही. उद्या आयकरवाले विचारायला येतील ते माझ्या दारात, मेहुण्याच्या नाही.

सॉफ्टवेअर स्वतःहून कोणाच्या नावावर गाडी चढवत नाही. नंबर कोणीतरी टाकले, ओटीपी कोणीतरी मागितला. म्हणून ठेकेदाराने त्या केबिनसमोर, सगळ्या मालकांच्या पुढे उभे राहून सांगावे: माझ्या नावावर ते आठ नंबर कोणी टाकले, आणि आमच्यापैकी आणखी कोणाकोणाच्या नावावर काय काय चढवले? मी तिथेच बसलो आहे. उत्तर द्या.