करडीला जाऊन मी कौसाबाईंना डिलीट केलं

माझ्या ब्राउझरमध्ये एकोणीसशे बुकमार्क आहेत. फोल्डर, त्यांच्या पोटात फोल्डर, सगळं शिस्तीत. त्यातले वाचलेले किती, हे बायकोने विचारायचं नाही असं आमच्यात ठरलंय. त्यामुळे माझी मावसबहीण सुनंदा हिचा फोन आला तेव्हा मला फारच मोठं झाल्यासारखं वाटलं.

सुनंदा भंडारा जिल्ह्यातल्या करडीला असते. घराच्या ओसरीत तिचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, धान विक्रीची नोंदणी, पेन्शन, काय म्हणाल ते.

"दादा, जुना कंप्युटर गुरगुरून राहिला. नवा आनला, पन माहे तीनशे बारा बुकमार्क जुन्यात हायेत. हलवून दे."

"अगं, त्याची एक फाइल निघते. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटाचंच हाय तं ये मंग."

मी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर संपता संपता जा, हवा छान असते. नागपूरहून भंडाऱ्याला एसटीने दीडेक तास लागतो. भंडाऱ्याला उतरलात की आधी तर्री-पोहे खा, पण "तर्री थोडीच" म्हणून निर्धास्त राहू नका. थोडीची तिथली व्याख्या वेगळी आहे. पितळेच्या भांड्यांची दुकानं बघायला तासभर हाताशी ठेवा, आणि घेतलेलं उचलायला एखादा नातेवाईक. करडीच्या बसची वेळ मात्र चौकशीच्या खिडकीवरच विचारा. मी वेळापत्रकाचं पान बुकमार्क करून नेलं होतं. बसने ते वाचलेलं नव्हतं.

"करडीले कायले?" कंडक्टरने विचारलं.

"बहिणीचे बुकमार्क हलवायला."

"मंग सामान टपावर टाका," तो म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला.

दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं आणि धानाचे रचलेले पुंजणे बघत संध्याकाळी पोचलो. पाच मिनिटांचं काम खरंच पाच मिनिटांत झालं. जुना कंप्युटर त्यानंतर जो बंद पडला तो पडलाच. मी नव्यावर यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. माणिकभाऊ धान. गुलाबकाका पानी. कौसाबाई अंगठा. बळीराममामा. एकाच वेबसाइटवर अकरा-अकरा नावं.

"बळीराममामा तर मागच्या वर्षी गेले ना गं?"

"गेले. त्याईची लिंक चालू हाय."

ज्याच्यासाठी ते पान पहिल्यांदा शोधलं, त्याचं नाव त्या पानाला पडतं. गावात सरकारी खात्याचं नाव कुणी घेत नाही. लोक येतात आणि म्हणतात, बळीराममामाचं झालतं ना, तसंच माहं करून दे. हे सगळं तिने मला नीट समजावलं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेतावर गेली आणि माझे हात शिवशिवायला लागले. महसूल, कृषी, पेन्शन असे फोल्डर केले. एकाच साइटचे सगळे जास्तीचे उडवले. मयत मंडळींना तर आधी. तीनशे बाराचे अठ्ठावन्न झाले. रात्री भात, लाखोळीचं वरण आणि बोडीतले, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातले, झिंगे असं जेवण झालं. मी जवळजवळ बक्षीस मिळाल्यासारखा जेवलो. केलेलं काम तिला सकाळी दाखवून चकित करायचं ठरवलं होतं.

सकाळी ती मी दाखवण्याआधीच चकित झाली.

ओसरीत रांग होती आणि पहिल्या कौसाबाई. सत्तरी ओलांडलेल्या. नवरा सरकारी नोकरीत शिपाई होता, त्याच्या मागे त्यांना पेन्शन मिळते. त्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, आणि मुदतीचा तो शेवटचा दिवस होता. जन्मभर धानाची रोवणी करून त्यांचे अंगठे इतके झिजलेत की मशीनवर उमटतच नाहीत. गेल्या वर्षी सुनंदाने अर्धा दिवस धुंडाळून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला काढायचं पान शोधलं होतं.

"दादा, कौसाबाई कुठी गेली?"

"पेन्शनच्या फोल्डरमध्ये बघ, त्यात..."

"फोल्डर नोको सांगू. कौसाबाई कुठी हाय?"

कौसाबाई जास्तीच्यांत गेल्या होत्या. बाकावरून त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "काहाडलं का यानं मले?"

मला इतकी लाज वाटली की चहा खाली ठेवायचंही सुचेना.

सुनंदा माझ्यावर ओरडली नाही. तिने रांगेला विचारलं, "यंदा चेहऱ्यानं कोनाचं झालं?" एक आजोबा म्हणाले, "माह्या साळीचं झालं, तुमसरले. थांब, फोन लावतो." अर्ध्या तासाने त्या मेहुणीच्या नातवाने लिंक पाठवली. मोबाइल म्हणाला डोळे मिचकवा. कौसाबाईंनी आधी एकच मिचकवला, मग दोन्ही मिटूनच घेतले. चौथ्या खेपेला जमलं.

"झाली का मी जित्ती?"

"झाली. वर्षभर काळजी नोको करू."

मग दिवसभर तेच. येईल त्याला सुनंदा विचारायची, तुझं कोणासारखं होतं? तो सांगायचा, ती पान शोधायची आणि मी, बुकमार्कांचा जाणकार, निमूटपणे नावं टाइप करायचो. संध्याकाळपर्यंत चाळीस माणसं यादीत परत आली.

पुण्यात येऊन माझे एकोणीसशे उघडून बसलो. त्यातलं एकही पान मी कुणासाठी ठेवलं होतं ते सांगता येईना. बायकोने विचारलंच तर आता खरं सांगेन.

आठवड्याने सुनंदाने आपली यादी मला शेअर केली. माणिकभाऊ होते, बळीराममामा होते, कौसाबाई सगळ्यांत वर. आणि तळाशी एक नवं नाव: श्रीकांतदादा. म्हणजे मी. मोठ्या कौतुकाने उघडलं. चुकून उडवलेले बुकमार्क दोन मिनिटांत परत कसे आणायचे, त्याचं पान होतं.

यापुढे करडीत कुणाच्याही हातून असं झालं, की तो सुनंदाच्या ओसरीत येऊन सांगणार, श्रीकांतदादाचं झालतं ना, तसंच माहं झालं.