विहीर उपसणारी मावशी

पदर कमरेला खोचला की मावशीचं बोलणं बंद. मग ती फक्त काम करी. कुणी सल्ला द्यायला लागलं, तर म्हणे, "पहिले हात लावा भाऊ, मंग बोला." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मला मात्र असं माणूस एकदाच भेटलं.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या गल्लीत ती विणकरांना मागासाठी सुताच्या कांड्या भरून देई. मी नवखा मास्तर, तिच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो.

राज्यांची फेररचना चालली होती, ते वर्ष. उन्हाळ्यात गल्लीतल्या एकुलत्या विहिरीचा काठ आत ढासळला. पाणी गाळाखाली गेलं आणि बायका राजघाटावरून तापीचं पाणी डोक्यावर आणू लागल्या. मी ऐटीत विहीर-दुरुस्तीचा अर्ज लिहिला. कचेरीत कळलं, कागद नागपूरला गेलाय. पुढच्या खेपेला कळलं, आता राजधानी बदलून सगळं भोपाळला जाणार, तोवर थांबा.

मावशी हसली. "मास्तर, तुमचा कागद फिरू द्या. पाणी तर इथंच खाली हाय ना?"

दुसऱ्या दिवशी ती घमेलं घेऊन काठावर हजर. तिने प्रत्येकाकडे एकच गोष्ट मागितली. विणकर रमजानभाईंकडे दोर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी शेठजींकडे कप्पी, माझ्याकडे रोजचे दोन तास. एकमेकांचा उंबरा कधी न ओलांडलेली माणसं घमेली हातोहात देऊ लागली. माझ्या तळहातांना फोड आले, तेव्हा तिने हळद-तेल लावलं नि म्हणाली, "आता झाले पक्के मास्तर!"

सहाव्या दिवशी आतली माती घसरली. खाली रमजानभाई होते. कमरेपर्यंत गाडले गेले. सगळ्यांनी मिळून दोर ओढला, ते वर आले. पण पाय मुरगळून सुजला होता. "बस झालं," असं जो तो म्हणू लागला. शेठजींनी कप्पी सोडवायला घेतली.

मावशी कुणाशी वाद घालत बसली नाही. तडक रमजानभाईंच्या घरी गेली. मी मागोमाग दारात थांबलो. त्यांच्या बायकोचे हात धरून ती म्हणाली, "माझ्या हट्टापायी झालं गं बहिणी. तू म्हणशील तर विहीर बुजवून टाकू."

बाईने कोपऱ्यातल्या रिकाम्या घागरीकडे बोट केलं. मग म्हणाली, "बंद कर दोगी तो पानी कहाँ से लाऊँ, मौसी? पहले दीवार सम्हालो, फिर आदमी उतारो."

घाईत हे आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं. जवळच्या इच्छापूर गावच्या एका शेतकऱ्याने गाडीभर बांबू दिले. फळ्या-बांबूंनी कडा आवळल्या. आणि सर्वांत आधी आत उतरले ते शेठजी!

आणखी पंधरा दिवस गेले. एका दुपारी खालून शेठजींची आरोळी आली, "ठंडा है! पैर ठंडे हो रहे हैं!"

मावशी तिथंच काठावर बसून रडली. पहिली कळशी तिने स्वतः रमजानभाईंच्या घरी नेऊन ठेवली.

पुढे थकल्यावर ती भाच्याकडे खकनारला गेली. काही वर्षांनी एका दुपारी तिकडच्या बसच्या कंडक्टरने ती वारल्याची बातमी आणली. आमच्या गल्लीत माग थांबत ते फक्त स्वतःच्या घरात मयत झाली तर. त्या दुपारी एकेक माग थांबत गेला. रमजानभाई दारात येऊन उभे राहिले. मीही बाहेर आलो. शेवटचा माग थांबला, तेव्हा शेठजी दुकानाची फळी अर्धी लावून आमच्याजवळ आले. आम्ही तिघं बराच वेळ तसेच उभे होतो.