चुलीची माती

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि त्या साली पाऊस न्हाई म्हणजे न्हाईच. रेणापूरकडच्या रानात आमचे हे विहीर खोदत होते. गावच्या आडावर आमच्या वस्तीला घागर बुडवू देत नव्हते, म्हणून आपली विहीर पाहिजे, एवढंच यांच्या डोक्यात.

पाच परस, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढा, काळा खडक फोडल्यावर पांढरा थर लागला. वर खरबरीत, खाली लोण्यावानी मऊ. आम्ही बाया काय करणार? खरबरीत माती उंबऱ्यापुढच्या खड्ड्यात लोटली, मऊ चूल सारवायला ठेवली. थराखाली पुन्हा काळा खडक. गडी म्हणाले, "बस करा आता."

धाकटी नणंद नांदेडला कॉलेजात दगडमातीचंच शिकायची. सुट्टीला आली, चुलीजवळ बसली. "वहिनी, ही माती द्या की थोडी." मी मऊच दिली. कुणाला द्यायची म्हटल्यावर चांगली निवडूनच देतो की आपण!

पुढच्या खेपेला आली ती नाचतच. माती धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितली म्हणे. "तिळाहून बारीक शिंपले, वहिनी! पाणशेवाळाच्या बिया! हितं गोड्या पाण्याचं तळं होतं, वरून लाव्हा आला."

"तळं?" हे उठूनच बसले.

"दादा, माणूस जन्मायच्या आधीचं हाय ते."

"असू दे. पाणी जाईल कुठं?"

मलाबी तेच ऐकायचं होतं.

सुरुंग लावून अजून तीन परस गेले. ठणठणीत कोरडं. शेवटच्या सुरुंगात यांचा डावा कान गेला.

दिवाळीला नणंदेनं उंबऱ्यापुढची खरबरीत मातीबी नेली. परत आली ती पाय ओढत. मी लई विचारल्यावर बोलली, "ही खरबरीत माती वरची, म्हणजे मागनं साचलेली. तिच्यात शिंपले कमी होत गेलेत, वहिनी. शेवटी खाऱ्या पाण्यात तगणारी एकच जात, मग तीबी न्हाई. लाव्हा यायच्या आधीच तळं आटलं होतं. तेव्हाच दोन्ही मात्या दिल्या असत्या, तर दादाला थांबवायला माझ्या हातात काही असतं."

हे अजून नातींना सांगतात, "आणिक दोन परस गेलो असतो ना, तळंच लागलं असतं."

एकदा मी यांना सगळं खरं सांगितलं. फक्त मी बसले होते यांच्या डाव्या बाजूला.