यांच्या वाट्याचं वचन

हे गेल्यावर चर्चमधले सगळे येऊन सांगून गेले, ताई, तुम्ही एकट्या नाही, प्रभू सोबत आहे. त्यानंतर वाघोलीच्या ट्रॅफिकमुळे कोणाला यायला जमलं नाही. प्रभूही त्याच ट्रॅफिकमध्ये अडकला असेल, असं मी भिंतीला ऐकवायचे.

संध्याकाळची प्रार्थना मात्र सोडली नाही. आमच्याकडे बायबलमधलं स्तोत्र एकेक वचन करून आळीपाळीने वाचायची पद्धत होती. घसा खाकरून पहिलं वचन हे वाचायचे, दुसरं मी. एकटी झाल्यावरही मी तसंच वाचत राहिले. यांच्या वचनाला तेवढा वेळ गप्प बसायचं, मग आपलं वाचायचं. त्यांचं वचन आपण वाचावं असं मनातही येत नव्हतं.

एक स्तोत्र मी पुन्हा पुन्हा काढायचे, कारण ते माझ्याइतकंच रडकं होतं. माझ्या वाट्याच्या शेवटच्या वचनात लोक त्या माणसाला टोचून विचारतात, तुझा देव आहे तरी कुठे. तेवढं वाचून मी पुन्हा गप्प बसायचे आणि शास्त्र मिटायचे.

परवा मिटताना नजर खाली गेली. तिथे यांच्या वाट्याचं एक वचन उरलं होतं. त्यात तोच रडणारा माणूस स्वतःच्या मनाला समजावतो, खचू नकोस, देवाची आशा धर.

देव गप्प का, म्हणून मी इतके महिने भांडत होते. त्याचं उत्तर यायच्या जागी रोज मीच गप्प बसत होते.

मी घसा खाकरला आणि यांचं वचन मोठ्याने वाचलं.