फ्रान्सची भिकुबाई

मुंबईच्या एका सरकारी संग्रहालयातली फ्रेंच चित्रं १९८७ साली फिरत फिरत धुळ्याला आली. सभागृहात झाडलोट करणारी बेबाबाई सकाळी झाडू घेऊन आत गेली आणि कोपऱ्यातल्या चित्रापाशी येताच तिनं झटकन डोक्यावर पदर घेतला. चित्रात एक म्हातारी बटाटे सोलत बसली होती. तेच बसकं नाक, तेच आवळलेले ओठ. बेबाबाईची सासू भिकुबाई वारली होती, आणि तिचा एकही फोटो कोणी काढला नव्हता.

चित्रांबरोबर आलेले साहेब म्हणाले, "बाई, ही फ्रान्समधली शेतकरीण. शंभर वर्षांपूर्वीची."

"व्हई," बेबाबाई म्हणाली, "पन मनी सासू शे."

संध्याकाळी तिचा नवरा निंबा आला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात हमाली करणारा हा माणूस आई गेल्यापासून घरात फारसा बोलत नसे. तो चित्रासमोर मांडी घालून बसला आणि कपाशीचा भाव, लेकीचं सासर, दुखरा गुडघा, सगळं सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी भडगावहून नातेवाईक आले. कोणी हळदकुंकू लावू नये म्हणून साहेबांनी दोरी बांधली, तेव्हा लोक दोरीलाच हळदकुंकू वाहू लागले. मुंबईला मात्र साहेबांनी कळवलं, की खानदेशात कलेची फार ओढ आहे.

प्रदर्शन पुढं जळगावला जाणार होतं. निंबाला ते रास्तच वाटलं. भिकुबाई जिवंतपणीही दोन्ही मुलांकडे आळीपाळीनं राहायची, आणि जळगावचा धाकटा जीवराम दर वेळी काहीतरी सबब काढायचा. निंबानं त्याला आईला घ्यायला जायचा निरोप धाडला, "माय ई राहिनी, लेवाले जा."

जीवराम गेला नाही. मग नवराबायको एसटीनं जळगावला गेले आणि त्याला दंडाला धरून चित्रापुढं उभं केलं.

"ही माय नही," जीवराम म्हणाला. "आनि व्हई तरी मनं घर लहान शे."

दोघं भाऊ तिथंच हमरीतुमरीवर आले. साहेब मधे पडले. "भांडू नका. चित्र कोणाकडेच राहणार नाही. इथून ते मुंबईला परत जाईल."

जीवरामनं निंबाची गचांडी सोडली.

"मुंबईमा तिनं कोन शे?" त्यानं साहेबांनाच दरडावून विचारलं. तिथं आईचं कोणीच नाही म्हणत निंबाही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

चित्रांचा ट्रक निघाला त्या दिवशी दोघे भाऊ नारळ घेऊन हजर होते. पुढं त्यांचं एकमेकांकडे येणंजाणं सुरू झालं. शेजारणींनी सासूचं विचारलं की बेबाबाई सरळ सांगे, "सासू मुंबईले र्‍हास. सरकारी नोकरी शे."